चमक हिऱ्याच्या पाठीमागून येते

नमस्कार मंडळी! आज हिऱ्याबद्दल बोलायचंय, पण भाव, कॅरेट, सर्टिफिकेट यातलं काही नाही, नुसती त्याची चमक, ती येते कुठून एवढंच.

झालं असं की माझ्या आईची हिऱ्याची चमकी, लग्नात घातलेली, पन्नास वर्षं नाकात आहे, ती हळूहळू इतकी मंद झाली की आईला वाटलं हिऱ्यातच काही दोष निघाला. मी तिला घेऊन बडोद्यातल्या घडियाळी पोळीत आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बघितलं आणि म्हणाले, "बेन, हीरो मेलो छे, बीजुं कंई नथी." आई दचकलीच! जन्म बडोद्यात गेला, मेलो म्हणजे मळलेला हे तिला चांगलं माहीत आहे, पण जिवाभावाच्या दागिन्याबद्दल ऐकलं की कान मराठीच होतात ना.

मग त्यांनी चमकी उलटी करून भिंगाखाली मला दाखवली. दगडाचं निमुळतं टोक जिथे कोंदणात बसतं तिथे पिवळट थर जमलेला, तेल, पावडर, साबण सगळं मिळून. पुढून हिरा अगदी स्वच्छ होता, रोज पुसला जातो तो. मी शाळेत वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवलं पण हे इतकं स्पष्ट डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं.

कारण हिऱ्याची चमक येते ती पाठीमागून. घरी एक करून बघा, काचेच्या ग्लासात पाणी भरा, डोळ्यांच्या थोडं वर धरा आणि खालून तिरपं पाण्याच्या वरच्या थराकडे बघा, तो रुपेरी आरशासारखा दिसेल. आतून तिरपा आलेला उजेड बाहेर न पडता परत आत वळतो म्हणून. हिऱ्यात हेच होतं पण कितीतरी जोरात, कारण उजेड हवेत सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, काचेत साधारण २ लाख, आणि हिऱ्यात जेमतेम सव्वा लाख. जितका वेग जास्त उतरतो तितका उजेड आत अडकणं सोपं. पृष्ठभागावर उभी रेषा धरली तर काचेत तिच्यापासून साधारण ४२ अंशांपेक्षा तिरपा आलेला किरण परत फिरतो, हिऱ्यात २४ अंशांच्या पुढचा प्रत्येक किरण! म्हणजे वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटतो, समोरच्या पैलूवर जातो, आणि फिरून वरूनच तुमच्या डोळ्यांत येतो.

पण त्यासाठी पैलू बरोबर कोनात पाडलेले हवेत, आणि इथे कारागिराचं कसब. खाली जास्त खोल कापला तर मधोमध काळोख दिसतो, उथळ ठेवला तर उजेड खालून निसटतो. १९१९ मध्ये मार्सेल टोलकोव्स्की या बेल्जियन माणसाने गणित मांडून खालच्या पैलूंचा कोन पावणेएक्केचाळीस अंशांच्या आसपास ठरवला, आजचा ५७-५८ पैलूंचा गोल हिरा त्याच वाटेने आला. यात वजन भरपूर जातं. आपल्या बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी घेतलेला ‘स्टार ऑफ द साऊथ’ १८५३ मध्ये ब्राझीलमध्ये मिळाला तेव्हा अडीचशे कॅरेटच्या वर होता, पैलू पाडल्यावर साधारण १२८ उरला. निम्मा दगड चमकेपायी गेला, आणि मला तरी तो वाया गेला असं वाटत नाही.

आणि रंग? हिऱ्यात निळा किरण तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, म्हणून पांढरा उजेड फुटून तांबड्या-निळ्या ठिणग्या दिसतात. पण उजेड ठिपक्यांसारखा हवा. सोनाराच्या दुकानात वर छोटे छोटे दिवे उगाच लावलेले नसतात, ट्यूबलाइटखाली तोच हिरा गप्प वाटतो. आणि हलायला हवा, गरब्यात गिरकी घेताना कुड्या बघा कशा लुकलुकतात.

आता त्या मळाचं. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो, आणि पाठीमागे हवेच्या जागी तेल आलं की २४ अंशांची ती मर्यादा सदतीसच्या आसपास जाते, मग आधी परत फिरणारे कितीतरी तिरपे किरण सरळ मागून निघून जातात. हिरा तोच, कोन तेच, आरसा तेवढा गेला.

उपाय साधा आहे, कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, वीसेक मिनिटं भिजवा, मऊ टूथब्रशने मागून घासा, आणि बेसिनची जाळी आधी बंद करा. फक्त मागून बंद कोंदणातले जुने पोलकीचे, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचे, दागिने मुळीच भिजवू नका हं, त्यात दगडाखाली पातळ पत्रा असतो, आत पाणी गेलं की तो काळा पडतो. मोत्यांनाही साबण नको.

आईची चमकी मी त्याच संध्याकाळी धुतली. दिवेलागणीला ती देवाजवळ निरांजन लावायला वाकली आणि नाकाशी एक तांबडी ठिणगी, मान हलली तशी निळी झाली.