दुसऱ्या दिवशी काय होतं?

[दृश्य: जुनी छायाचित्रं, लंडन]

जुलै 1955. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक डॉक्टर आणि एक सिस्टर आजारी पडतात. मग आणखी परिचारिका, आणखी डॉक्टर. घसा दुखतो, डोकं ठणकतं, हातापायांतला जोर जातो. 25 जुलैला हॉस्पिटल बंद करावं लागतं, ते ऑक्टोबरपर्यंत उघडत नाही. नोव्हेंबरअखेर आजारी कर्मचाऱ्यांचा आकडा 292 वर जातो. त्यातले काही पुढे वर्षानुवर्षं बरे झाले नाहीत.

1970 मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचले. एकाही रुग्णाला तपासलं नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी निदान छापलं: सामूहिक हिस्टेरिया. एक कारण काय दिलं, तर रुग्णांत बायका जास्त! बरं, रुग्ण हॉस्पिटलमधलेच लोक होते. त्यांची ही गत, तर खेड्यातून बस पकडून ओपीडीत आलेल्या बाईचं कोण ऐकणार?

[दृश्य: अंधारलेली खोली, दुपारची वेळ]

आजाराचं नाव मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, थोडक्यात एमई. क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात तो हाच. बऱ्याचदा एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो. कोविडनंतर महिनोन्‌महिने न सावरलेल्यांपैकी काहींची लक्षणं याच आजाराच्या निकषांत बसतात.

आणि याची खूण अगदी वेगळी आहे. पेशंट सकाळी केस धुतो, पाहुण्यांशी तासभर बोलतो. त्या वेळी ठीक असतो. एक-दोन दिवसांनी मात्र कोसळतो. अंग ठणकतं, शब्द सुचत नाहीत, उजेड सोसत नाही. आठ तास झोपूनही गळाल्यासारखं वाटतं. नेहमीचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. मग ठरलेलं वाक्य येतं: "टेन्शन घेऊ नका, रोज चालायला जा." घरातले मान डोलावतात, कारण त्यांनाही तो कामचुकारपणाच वाटत असतो.

चालायला जा, हा सल्ला इथे अंगावर येतो.

[दृश्य: संशोधनपत्रिकेची पानं]

2011 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या आजाराच्या 641 रुग्णांवरची ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली. टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवा, विचार बदला, रुग्ण सुधारतात, असा तिचा सूर होता. जगभरच्या डॉक्टरांनी तो उचलला. रुग्णांनी आकडे मागितले, ते वर्षानुवर्षं मिळाले नाहीत. 2016 मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने ते बाहेर आले. निकष तर आधीच चक्रावून टाकणारा होता: शारीरिक क्षमतेचे 100 पैकी 65 किंवा कमी गुण असले की चाचणीत प्रवेश, आणि 60 किंवा जास्त गुण असले की त्या मोजमापावर 'बरा'. म्हणजे या एका बाबतीत पेशंट आत शिरतानाच बरा असू शकत होता. चाचणीआधी ठरवलेले मूळ निकष लावून हिशेब केल्यावर बरे झालेल्यांचं प्रमाण पार खाली आलं.

ऑक्टोबर 2021 मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने या आजारासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ठरावीक वाढत जाणारा व्यायाम देऊ नका, असं त्यात स्पष्ट आहे. शक्ती असेल तेवढंच काम, आणि ती संपायच्या आधी विश्रांती.

अमेरिकेत 2015 च्या एका सरकारी-पुरस्कृत अहवालानुसार, एक तृतीयांशपेक्षा कमी वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात या आजाराची माहिती होती. मग आपल्या फॅमिली डॉक्टरला ती नसली तर दोष त्याच्या एकट्याचा कसा?

[दृश्य: छोटा दवाखाना, बीपीचं मशीन]

ॲनिमिया, थायरॉईड, क्षय हे आधी तपासायलाच हवं. पण त्यानंतर, डॉक्टर, एक प्रश्न विचारा: "काम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं?" यासाठी एमआरआय लागत नाही.

आणि उभं राहणं शरीराला सोसतं का, हे बघायला दहा मिनिटं काढा. पेशंटला आडवं झोपवून नाडी आणि बीपी घ्या, मग भिंतीला टेकून उभं करा आणि दर मिनिटाला मोजा. चक्कर आली तर लगेच थांबा. उभं राहिल्यावर प्रौढ पेशंटचे ठोके मिनिटाला 30 किंवा जास्त वाढून तसेच टिकले, बीपी मात्र फारसं उतरलं नाही, तर तपासाची पुढची दिशा त्याच खुर्चीवर बसून ठरवता येते.