रुग्णवाहिका येईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

एसटी स्टँडवर किंवा लग्नाच्या मांडवात एखादा माणूस उभ्या उभ्या कोसळला, की क्षणात गर्दी जमते. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं. सगळ्यांना मदतच करायची असते. पण हृदय थांबलं असेल तर यात मोलाची मिनिटं जातात. रक्त पोहोचलं नाही की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. एवढ्या वेळात रुग्णवाहिका क्वचितच येते. म्हणून जवळच्या माणसालाच पुढं व्हावं लागतं.

खांदे हलवा, मोठ्यानं हाक मारा. ओ देत नसेल तर श्वासानं छाती वर-खाली होतेय का बघा, फार तर दहा सेकंद. इथंच बरेच जण फसतात. हृदय बंद पडल्यावरही माणूस काही वेळ आचके देतो. तोंड उघडतं, घोरल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही, पुन्हा एक आचका. कधी हातपायही झटकतात आणि फिट आल्यासारखं वाटतं. "अहो, श्वास चालू आहे!" म्हणत सगळे थांबतात. कृपा करून थांबू नका, तो श्वास नसतो. नाडी शोधत बसू नका, घाईत ती शिकलेल्यांनाही चटकन सापडत नाही.

"कुणीतरी फोन करा" असं ओरडलं तर जो तो दुसऱ्याकडे बघतो. एकाकडे बोट दाखवा: "दादा, तुम्ही 108 लावा." माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक दाब 5 ते 6 सेंटीमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडानं श्वास देणं शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांत दमछाक होते, तेव्हा दुसऱ्याला पुढं घ्या. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी घाबरू नका, बरगडी पुढं जुळते.

12 जून 2021 रोजी कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन सामना चालू असताना कोसळला. तिथंच छाती दाबली, यंत्रानं हृदयाला विजेचा शॉक दिला, आणि पुढच्या वर्षी तो विश्वचषकात खेळला. असं यंत्र आपल्याकडे विमानतळांवर दिसतं. चालू केलं की काय करायचं ते तेच बोलून सांगतं, त्यामुळे कुणीही वापरू शकतं.

माणूस शुद्धीवर असेल तर मात्र छाती दाबू नका. छातीत जड वाटतंय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, दरदरून घाम फुटलाय, तर लगेच 108. बायकांना आणि मधुमेहींना कधी नुसती धाप लागते, मळमळतं, आणि घरात सोडा-लिंबू सुरू होतं. असा त्रास होणाऱ्या कुणालाही बसवा, जिने उतरवू नका, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.