ब्रेक मारला की पेट्रोल जातं कुठे?

ही लालबुंद झालेली डिस्क बघा. टेस्ट बेंचवर जोरात फिरवलीय आणि ब्रेकचे पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतायत. रस्त्यावर ती सहसा एवढी लाल होत नाही, पण घडतं तेच, पेट्रोल जाळून गाडीला जो वेग आणला तो इथे उष्णता होऊन हवेत निघून जातो. आणि वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, म्हणजे ५० वरून थांबताना जेवढी वाया जाते त्याच्या चारपट १०० वरून थांबताना. साध्या गाडीत ती परत मिळवायचा काही मार्गच नाही.

हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, तो आहे. आता डॅशबोर्डच्या स्क्रीनवरचा बाण बघा, ड्रायव्हरने पाय उचलला, ब्रेकला हलका लावला, आणि बाण फिरला, चाकांकडून बॅटरीकडे. मघाशी चाकं फिरवणारी मोटर तीच, फक्त आता चाकं तिला फिरवतायत आणि ती वीज तयार करतेय.

इंजिन आणि मोटर एका गाडीत बसवायची कल्पना जुनी आहे, फर्डिनांड पोर्शने १९०० च्या सुमारासच अशी गाडी केली होती. पण मोठ्या संख्येने कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली हायब्रिड म्हणजे टोयोटाची प्रियस, डिसेंबर १९९७, जपान. ताकेशी उचियामादा तिचे मुख्य इंजिनिअर. तिच्या पोटातली ही करामत नीट बघा, कारण आमच्या मते मोटारींच्या इतिहासात यापेक्षा देखणा गिअरबॉक्स झाला नाही.

मधलं छोटं चाक, ३० दात, त्याला जनरेटर जोडलाय. बाहेरची मोठी रिंग, ७८ दात, तिला मोटर आणि पुढे गाडीची चाकं. आणि या दोघांच्या मधे फिरणारी ही चार छोटी चाकं ज्या चौकटीवर बसलीत ती चौकट फिरवतं इंजिन. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, काहीच आत-बाहेर सरकत नाही, दात कायम एकमेकांत अडकलेले. तरी इंजिनची ताकद दोन वाटांनी जाते, साधारण ७२ टक्के जोर चाकांकडे आणि २८ टक्के जनरेटरकडे. इंजिन बंद करून गाडी चालली तर बघा, चौकट थांबलीय, रिंग फिरतेय आणि मधलं चाक उलटं फिरतंय!

इंजिनही थोडं वेगळं आहे, ॲटकिन्सन पद्धतीचं. हवा घ्यायचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पेट्रोलमधून जास्त काम निघतं, पण खालच्या आरपीएमला जोर कमी पडतो. ती उणीव मोटर भरून काढते.

आता पुढचे दोन शॉट, गाडी तीच, रस्ता तोच. पहिला ड्रायव्हर लांबून लाल सिग्नल दिसत असताना रेस देत राहतो आणि शेवटी कचकन ब्रेक मारतो. एवढ्या थोड्या वेळात एवढी ऊर्जा मोटर आणि बॅटरीला घेता येत नाही, उरलेली जाते डिस्कमध्ये. दुसरा लांबूनच पाय काढतो, गाडी आपसूक मंदावते, ब्रेक हलका आणि बराच वेळ, आणि बाण बघा कसा शेवटपर्यंत बॅटरीकडे राहिलाय. अगदी शेवटचं थांबणं तेवढं पॅड करतात. हायब्रिड घेऊन पहिल्यासारखं चालवणारे खूप आहेत आणि मग म्हणतात ॲव्हरेज मिळत नाही, तर गाडी बघायच्या आधी पाय बघा. त्यातही परत मिळतं ते थोडं कमीच, वीज होताना आणि साठताना काही जातंच, म्हणून जिथे ब्रेकच लागत नाही तिथे सगळ्यात जास्त वाचतं.

हायवेवर मात्र ब्रेक कमी, तिथे शत्रू हवा. ८० चे १०० केले की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो, तिथे हायब्रिडचं काही चालत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर तेही पेट्रोलच खातं, आणि वाचलेल्या प्रत्येक लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड कमी.

आणि हा घाट. लांब उतारावर बॅटरी भरून जाते, मग वीज ठेवायला जागाच उरत नाही आणि सगळा भार पॅडवर येतो. अशा वेळी गिअरचा लिव्हर 'बी' या खुणेवर टाकायचा, इंजिन गाडीला मागे धरतं आणि ब्रेक कमी तापतात. सपाट रस्त्यावर तो नेहमीच्या 'डी' वरच राहू द्या.