ऐरण वाजवून घ्या

नमस्कार श्रोतेहो. जुनी ऐरण विकत घेतलीत, कडा झिजल्या आहेत, टवके उडाले आहेत, तर पहिल्यांदा काय करायचं? काही नाही. ग्राइंडर बाजूला ठेवायचा. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण भेटेल तो हेच विचारतो, "वरून घासून सपाट करून घेऊ का?" नका घेऊ.

पुष्कळशा जुन्या विलायती ऐरणींचं अंग मऊ घडीव लोखंडाचं असतं आणि माथ्यावर कडक पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडलेली असते. ही पट्टी साधारण अर्धा इंच जाड, फार तर थोडी जास्त. सगळी करामत तिची. हातोडा तिच्यावरून उसळतो म्हणून आपला हात कमी दमतो. मधे जरा खोलगट झालीय म्हणून सपाट करायला गेलात, तर दोन्ही बाजूंचं चांगलं पोलाद घासून जातं आणि पट्टी पातळ होते. शिवाय वाकलेली सळई सरळ करायला तो खोलगटपणाच कामी येतो. म्हणून म्हणते, ग्राइंडर बाजूला.

आता खरेदी. माठ घेताना आपण बोटाने वाजवून घेतो, तशीच ऐरण वाजवून घ्यायची. आणि इथे मामांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

मामा रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी लोखंडाचे दिवे, कड्या-कोयंडे घडवते. भांडुपच्या गाळ्यासाठी ऐरण हवी होती. मामा म्हणाले, "एकटी जाऊ नकोस, मी येतो." रे रोडला उतरून आम्ही दारूखान्यात, म्हणजे मुंबईच्या भंगारबाजारात शिरलो. भंगाराच्या ढिगांमागे एका दुकानात ऐरण निघाली, चंदेरी रंग फासलेली. दुकानदार म्हणाला, नव्वद किलो, भाव किलोवर. मामांनी तिच्या कमरेवरचा रंग किल्लीने खरवडला. खाली तीन आकडे: 1, 2, 10.

दुकानदाराने लगेच झेप घेतली. "बारासौ दस साल का माल है, बाबूजी. अँटिक!"

मामा दारूखान्यातही मराठीतच बोलतात. माझंही तेच मत आहे बरं का. या शहरात समोरच्याला मराठी समजत असतं, आपणच आधी हिंदीवर उतरतो आणि मग मराठी कुणी बोलत नाही म्हणून गळा काढतो. असो.

मामा म्हणाले, "बाराशे दहा साली या जागी समुद्र होता. ऐरण काय बोंबलांनी आणून ठेवली?"

आजूबाजूची पोरं हसायला लागली. मामांनी खडू मागितला आणि फरशीवरच हिशेब मांडला. हे साल नव्हे, हे वजन. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे 112 पौंड. दुसरा त्याच्या पावांचा, एक पाव 28 पौंड. तिसरा सुटे पौंड. एकशे बारा, दोन अठ्ठावीस छप्पन्न, वर दहा. झाले 178 पौंड, म्हणजे एक्क्याऐंशी किलोला जरा कमी. "चढव काट्यावर." चढवली. काटा ऐंशीच्या किंचित वर थांबला. नव्वद सांगणाऱ्याने आमच्यासाठी चहा मागवला.

मामांचं समाधान चहाने होणाऱ्यातलं नाही. त्यांनी खिशातून बेअरिंगची गोळी काढली, स्टीलची मोजपट्टी उभी धरली आणि गोळी दहा इंचांवरून सोडली. मधोमध पडली, टण्णकन उसळून आठ इंचांपर्यंत आली. उत्तम. सरकत सरकत मागच्या टोकाशी गेले, तिथे गोळी जेमतेम हलली. हातोडीने ठोकलं तर आवाज बद्द. "इथे पट्टी अंगापासून सुटलीय. सुटलेल्या पट्टीचा भाव मी देणार नाही." (शिंगावर, म्हणजे ऐरणीच्या पुढच्या निमुळत्या टोकावर, मात्र ही परीक्षा घेऊ नका. ते मुळातच मऊ असतं.)

भाव उतरला, टेम्पो ठरला. निघताना दुकानदार म्हणतो, "काका, त्या दोन ऐरणींचे आकडेपण वाचून द्या ना." मामांनी आनंदाने वाचून दिले. काही महिन्यांनी मी तिकडे गेले, तर दोन्ही ऐरणींवर खडूने बिनचूक किलो लिहिलेले आणि भाव चढवलेला!

बोलता बोलता वेळ गेला, दुरुस्ती भराभर सांगते. बारीक टवक्यांना कानस मारा, कड गोलसर करा, बस. धारदार कड तापलेल्या लोखंडात खाच पाडते आणि पुढे तिथेच तडा जातो. मागचं सुटलेलं टोक आम्ही तसंच ठेवलंय, त्यावर मी घाव घालत नाही.

मोठा तुकडाच उडाला असेल तरच वेल्डिंग, आणि तेही थंड ऐरणीवर कधीच नाही. आधी सगळी ऐरण सावकाश 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची. घासलेल्या जागी फिकट पिवळी झाक आली की थांबा. त्यापुढे माथ्याचा कडकपणा उतरू लागतो. वेल्डिंगचा रॉड लो-हायड्रोजन, म्हणजे लेपात ओल अगदी कमी असलेला हवा आणि कोरडा हवा. आपल्या पावसाळ्यात उघड्या पुडक्यातला रॉड ओल धरतो आणि त्या ओलीमुळे जोडाला तडे जातात. म्हणून तो सुमारे 300 अंशांवर तास-दोन तास भाजून घ्या. ओव्हन नसेल तर दिवाळीपर्यंत थांबा. काम झालं की ऐरण कोरड्या राखेत गाडून रात्रभर निवू द्या. पाणी मारू नका. पुन्हा सांगते, पाणी मारू नका.

बसवताना बाभळीचा ठोकळा घ्या. उभं राहून मूठ खाली सोडली की ती माथ्याला टेकेल, एवढी उंची ठेवा. आणि कमरेला जाड साखळी आवळा, खणखणाट बराच दबतो. माझ्या शेजारच्या गाळ्यात खाकऱ्याचं पॅकिंग चालतं. ती मंडळी माझ्याशी बोलायला लागली ती साखळी लावल्यावरच. नमस्कार.