तलंगा जुन्या कोंबड्यांत सोडताना

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी आठवडी बाजारातून सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या आणि भर दुपारी तशाच जुन्या कोंबड्यांत सोडल्या. चहा ठेवून बाहेर येते तर एक तलंग पऱ्हाटीच्या ढिगात तोंड खुपसून बसलेली, डोक्यावरची कातडी सोललेली. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथंच चोच मारतात.

जुन्या कोंबड्या काही दुष्ट नसतात. आधी कोण खाणार, वरच्या दांडीवर कोण बसणार, हे त्यांच्यात ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांमागं या टोचाटोचीचा अभ्यास केला. माझ्या सासूबाई मात्र कोंबड्यांकडं नुसतं पाहून सांगायच्या, राणी कोणती ते.

आता मी घाई करत नाही. विकतचं पाखरू आलं की तीन-चार आठवडे घराच्या दुसऱ्या अंगाला, डालग्याखाली नाहीतर वेगळ्या खोपटात. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि हात धुवायचे. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, शिरली तर खुराडं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. त्यावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यातच देतात, आठ-दहा आठवड्यांनी आरटूबी लस टोचतात. घेताना ते विचाराच.

मग आठ-दहा दिवस मधे जाळी. जाळी नसेल तर तुराटीचा ताटवा चालतो, फक्त आरपार दिसलं पाहिजे. दोन्हीकडचा दाणा ताटव्याला लागूनच टाकायचा. जुन्या आधी फुगून धावून येतात, चार दिवसांनी ढुंकून पाहत नाहीत. तेव्हा समजायचं, जमतंय. पाखरू अंगानं जवळपास जुन्यांएवढं झालेलं असावं, म्हणजे तीन महिन्यांच्या पुढचं, आणि एकटं कधीच सोडू नये.

सोडायचं रात्री. अंधारात कोंबडीला धड दिसत नाही, उचलून दांडीवर बसवली की गप बसते. पहाटे मात्र तुम्ही त्यांच्या आधी उठा. दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, आडोशाला एखादं मोडकं टोपलं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य तलंगांना देऊ नका बरं, त्यातल्या जास्तीच्या चुन्यानं कोवळ्या पाखरांचे मूत्रपिंड बिघडतात. सगळ्यांना वाढीचंच खाद्य घाला, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. ज्यांना लागतो त्या खातात.

जुनी कोंबडी चोच मारून बाजूला झाली तर मधे पडू नका. रक्त आलं तर मात्र जखमी तलंग लगेच वेगळी काढा. माझी ती सोललेली तलंग पंधरा दिवस स्वयंपाकघरात, चुलीमागं होती. आता अंडी देते, पण खालच्याच दांडीवर बसते.