पॅड तर नवे टाकले, डिस्क मोजली का?

(दृश्य: सकाळ, टिनाचं शेड. पांढरी गाडी आत येते. आधी फक्त गाडीचा आवाज, निवेदन नंतर.)

ऐकला का हा आवाज? बारीक, चीं... असा, ब्रेक दाबला की येतो अन् सोडला की जातो. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हे गॅरेज आहे, चार लोखंडी खांब, वर टिनं, बाजूला कडुनिंब, आणि आत्ता जी गाडी आत आली तिचे मालक काका सांगतात की हा आवाज संक्रांतीपासून येतोय. आम्ही शूटिंग केलं तेव्हा मार्च अर्धा झाला होता. दोन महिने गाडी अशीच चालली, घाट चढली, घाट उतरली, अमरावतीच्या चकरा झाल्या, आणि काकांचं म्हणणं एकच.

"आवाज येते त येते ना, पण गाडी थांबते. अन् पॅड तर म्या पोळ्यालेच नवे टाकले."

पोळ्याला टाकलेले पॅड संक्रांतीलाच बोंबलायला लागले आणि मार्चमध्ये, सहाच महिन्यांत, चौदा हजार किलोमीटरवर संपत आले. साध्या वापरात पुढचे पॅड तीस-चाळीस हजार सहज जातात, घाटात जास्त चालणाऱ्या गाडीचे लवकर जातात हे खरं, पण इतके लवकर नाही. मग इथे काय झालं, ते मिस्तरींनी चाक खोलल्यावर दिसलं, आणि म्हणूनच ही फिल्म.

आधी हा आवाज काय असतो ते सांगतो. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते ती डिस्क, आणि ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात ते पॅड. पॅडच्या लोखंडी पाठीला एक छोटी वाकडी पत्ती असते, मुद्दाम बसवलेली. पॅडचा मसाला घासून घासून दोन-तीन मिलिमीटर उरला की ही पत्ती डिस्कला टेकते आणि ओरडते. कंपनीने दिलेली सूचना आहे ती, बिघाड नाही. नव्या पॅडवर मसाला साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो, तीनवर आला की बदलायचा, त्याच्या खाली थांबायचं नाही. पण एक लक्षात ठेवा, सगळ्याच पॅडना ही पत्ती नसते. स्वस्तातल्या कित्येक पॅडना नसते, किंवा एकाच बाजूच्या पॅडला असते. म्हणजे आवाज नाही म्हणून पॅड चांगले, असं धरून चालता येत नाही. आणि पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला जो खरखर आवाज येतो तो वेगळा, रात्रीतून डिस्कवर बारीक गंज धरतो तो पुसला जातो, त्याने घाबरायचं काही नाही.

(दृश्य: जॅक, स्टॅण्ड, चाक निघतं. जवळून कॅलिपर.)

जॅक लावला तरी मिस्तरी खाली लाकडी ठोकळा अन् स्टॅण्ड लावल्याशिवाय हात घालत नाहीत, हे बघा. आता ही काळी धूळ. बरेच जण इथे कॉम्प्रेसरची हवा मारतात, सवय आहे ती, चाक खोललं की फुर्रर्र. इथे तसं होत नाही. मिस्तरी ओलं फडकं घेतात, तोंडाला दुपट्टा बांधतात. जुन्या पॅडांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, तो फुफ्फुसात गेला की निघत नाही, आणि आज समोर आलेल्या पॅडमध्ये नक्की काय आहे हे गॅरेजमध्ये उभं राहून कोणालाच ओळखता येत नाही. आमच्या कॅमेऱ्यावाल्या पोरालाही त्यांनी मागे सरकायला सांगितलं.

दोन बोल्ट काढले, कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा लोखंडी पंजा, वर उचलला, पॅड हातात आले. बाहेरचा पॅड बघा, पाच मिलिमीटर आहे. आता आतला बघा. दोनसुद्धा नाही. एकाच चाकाचे, एकाच दिवशी टाकलेले दोन पॅड, आणि एवढा फरक! चाकाच्या फटीतून टॉर्च मारून जे दिसतं ते बाहेरच्या पॅडचं दिसतं, आतला पॅड चाक खोलल्याशिवाय धड दिसत नाही, आणि आपण बाहेरचा बघून म्हणतो "अजून चालते".

हा फरक कशाने पडला? कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. आतून पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, आणि त्याच जोराने कॅलिपर उलट सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो, तेव्हा कुठे दोन्ही पॅड डिस्कला सारखे चिकटतात. पिन अडकली तर बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो, सगळं काम आतल्याच्या गळ्यात. ही पिन बघा. रबर फाटलंय, आत चिखल वाळून दगड झालाय. आपल्याकडची काळी माती तुम्हाला माहीत आहे, ओली असताना पायाचा जोडा सोडत नाही आणि वाळली की ढेकूळ फोडायला हातोडी लागते. पांदण रस्त्याने वावरात जाणारी गाडी, पऱ्हाटीच्या नाहीतर संत्र्याच्या हंगामात रोज त्या चिखलातून जाणारी, तिच्या पिना वर्षातून एकदा तरी काढून पुसून ग्रीस लावायला पाहिजेत, आणि ते ग्रीस उष्णता सहन करणारं सिलिकॉनचं, साधं बेअरिंगचं पिवळं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं.

(दृश्य: डिस्कवर बोट, नख. थांबा या शॉटवर.)

आता डिस्क. इथल्या भाषेत डिस प्लेट. मिस्तरी काकांचा हात धरून त्यांचं नखच डिस्कवरून फिरवतात.

"पाहा काका, नख अडकून रायलं का नाई?"

"हो बा, अडकते."

"अन् ही कडेची पाळ पाहा, उंच झाली. म्हणजे मंधातलं सारं पॅडनं खाल्लं."

नख सांगतं की काहीतरी झालंय, पण किती झालंय ते नख सांगत नाही. त्यासाठी हे. मायक्रोमीटर. एका जुन्या तेलकट डब्यात कापसात गुंडाळून ठेवलेला, मिस्तरी तो पोरांना हात लावू देत नाहीत. या भागातल्या कितीतरी गॅरेजमध्ये तो नसतोच, व्हर्निअरने काम भागवतात, आणि व्हर्निअरचे सरळ जबडे या कडेच्या पाळीवर टेकतात, म्हणून मधे झिजलेली डिस्कसुद्धा जाड दिसते. मायक्रोमीटर पाळीच्या आत घालून जिथे पॅड घासतो तिथलीच जाडी मोजता येते. एका ठिकाणी नाही, गोल फिरवत सहा-आठ ठिकाणी.

किती असायला पाहिजे हे पुस्तकात शोधायची गरज पडत नाही, बहुतेक वेळा डिस्कवरच ओतलेलं असतं. मिस्तरी घासकागदाने मधला भाग साफ करतात, बघा आकडा वर येतोय... 20. म्हणजे कमीत कमी वीस मिलिमीटर. ही डिस्क नवी असताना बावीसची होती. दोनच मिलिमीटरचं सगळं आयुष्य, दोन्ही बाजू मिळून. हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा, शेजाऱ्याच्या गाडीचा आपल्याला लागू होत नाही.

पहिलं माप 19.4. दुसरं 19.3. तिसरं 19.4. पुढे एका ठिकाणी 19.2.

काका गप्प आहेत.

मग हळूहळू गोष्ट निघाली. पोळ्याला पॅड टाकले तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी डिस्कवर रेघा आहेत म्हणून लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून आणली होती. डिस्क चकचकीत झाली, काकांना वाटलं नव्यासारखी. लेथवर आम्ही कॅमेरा नेला नाही, म्हणून ते दाखवू शकत नाही, आणि लेथवर फेस मारणं चूकच आहे असंही आम्ही म्हणत नाही. डिस्क जाड असेल, फेस मारल्यावरसुद्धा त्या ओतलेल्या आकड्याच्या वर राहत असेल, तर मारा खुशाल. पण मोजून मारा. इथे कोणी आधीही मोजलं नाही आणि नंतरही नाही. लेथचे पैसे नव्या डिस्कच्या जोडीपेक्षा कितीतरी कमी लागतात, कापूस विकायचा बाकी असताना माणूस ते वाचवणारच, त्यात काकांचा काय दोष. दोष न मोजण्याचा आहे, आणि मोजायला पाच मिनिटं लागतात.

(दृश्य: घाटातून उतरणाऱ्या गाड्या, वरून घेतलेला शॉट, सागाची पानगळ.)

पातळ डिस्कने काय बिघडतं, ते इथून बघा. खाली परतवाडा, वर समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर चिखलदरा. मधे सातशे मीटरचा उतार. माणसं-सामान धरून चौदाशे किलोची गाडी हा उतार उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते ती साधारण तीस लिटर पाणी उकळेल इतकी भरते, म्हणजे दोन मोठे गुंड भरून खळखळतं पाणी. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळपास सगळं ब्रेकवर येतं. आणि ब्रेकमध्ये ही उष्णता पिऊन घेणारी वस्तू म्हणजे ती बिडाची डिस्क. तिच्यात लोखंड जितकं कमी तितकी ती लवकर तापते. मधे पोकळ्या असतात त्या हवा खेळावी म्हणूनच असतात. वेगाचंही तसंच, ताशी चाळीसऐवजी ऐंशीने जाणारी गाडी थांबवायला दुप्पट नाही, चौपट ऊर्जा मुरवावी लागते.

जास्त तापलं की पॅडची पकड सुटते, डिस्क तडकते, ब्रेक ऑइल उकळून पॅडल पायाखालून निघून जातं.

(दृश्य: वळणावरचा वाकलेला कठडा. दहा सेकंद. निवेदन नाही, संगीत नाही.)

धुळीचं आणि डिस्कब्रेकचं भांडण तर जन्मापासूनचं आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरने 1902 मध्ये डिस्कब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा डिस्कला घासायला तांब्याचे पॅड होते. आवाज भयंकर, आणि त्या काळच्या कच्च्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं बघता बघता झिजून जायचं. कल्पना बरोबर होती, घासायला योग्य वस्तूच नव्हती. पुढे पन्नास वर्षांनी, 1953 मध्ये, फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्कब्रेकच्या जोरावर मारली, आणि मग हळूहळू त्या रेसच्या गाडीतली वस्तू आपल्या गावच्या सहा-सात सीटच्या गाडीपर्यंत आली.

परत गॅरेजमध्ये.

(दृश्य: नव्या डिस्क खोक्यातून निघतात. दुपारचं ऊन.)

नव्या डिस्क जोडीनेच बसवायच्या, डावी-उजवी दोन्ही, पॅडही चारही नवे. एका बाजूला नवं अन् एका बाजूला जुनं ठेवलं तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते. जुन्या डिस्कवर नवे पॅड बसतात, ती मापात असेल, सपाट असेल, तडा नसेल तर. पण नव्या डिस्कवर जुने पॅड टाकू नका, ते जुन्या खाचांच्या आकाराने झिजलेले असतात, नव्या सपाट डिस्कवर कुठेतरीच टेकतात.

डिस्क बसवायच्या आधी मिस्तरी जे करतात ते नीट बघा, कारण हेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. हबचा, म्हणजे ज्यावर डिस्क आणि चाक बसतं त्याचा, चेहरा तारेच्या ब्रशने घासतात, गंजाचा एक कण राहू देत नाहीत. डिस्क आणि हबच्या मधे गंजाची खपली राहिली की डिस्क किंचित तिरकी बसते, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, डोळ्याला दिसत नाही, पण पाच-सात हजार किलोमीटरमध्ये तिची जाडी ठिकठिकाणी कमीजास्त होते आणि ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. मग आपण म्हणतो डिस्क वाकडी निघाली, कंपनी खराब.

नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेल चोपडलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसलं. पिना नव्या, ग्रीस लावलं, रबर नवं. पिस्टन हळूहळू आत दाबला. आता बॉनेटखाली बघा, ब्रेक ऑइलची लेव्हल वर चढतेय. पॅड झिजत जातात तशी ही लेव्हल खाली जात असते, तीही एक खूण आहे, लेव्हल उतरली की आधी पॅड बघा आणि गळती बघा. मधे नुसतं ओतून वर केलं असतं तर आज हे सगळं बाहेर सांडलं असतं, आणि हे तेल गाडीचा रंग खातं. ते हवेतला ओलावाही शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. काकांच्या गाडीतलं चहासारखं झालं होतं, तेही बदललं, पण ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढतानाचं फुटेज खराब आलं. मागच्या चाकांचे ड्रमब्रेक त्या दिवशी उघडले नाहीत.

(दृश्य: काकांचा पाय, ब्रेक पॅडल.)

चाकं बसली, नट आवळले. काकांनी चावी फिरवायला हात नेला तसा मिस्तरींनी तो धरला.

"थांबा काका. आधी पॅडल मारा. मारतच राहा."

पहिल्यांदा पॅडल पार खालपर्यंत गेलं. दुसऱ्यांदाही. पाचव्या-सहाव्यांदा पायाला कडक लागलं. मागे ढकललेला पिस्टन पुन्हा पॅडला टेकेपर्यंत गाडीला ब्रेकच नसतो, आणि शेडच्या तोंडासमोर डांबरी रस्ता आहे.

"अन् तीनशे किलोमीटर जरा दमानं घ्या. ब्रेक हळूहळू मारा, जीव खाऊन मारू नका. मारल्यावर गाडी गरम असताना पॅडल दाबून उभे राहू नका."

"घाटात नेऊ का उद्या?"

"उद्या नाई. दोन-चार दिवस सपाटीवर चालवा, पॅड अन् प्लेट एकमेकाले बसू द्या."

मिस्तरींची एक वही आहे, शाळेची, चौकोनी. तिच्यात गाडीचा नंबर, किलोमीटर, आणि समोर डावी-उजवीचं माप. काकांच्या गाडीसमोर दोन्हीकडे 22.0 लिहिलं. पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी पुन्हा मोजायचं, असं काकांनी स्वतःहून सांगितलं. जुन्या डिस्क मात्र मिस्तरींनी त्यांना नेऊ दिल्या नाहीत, भंगारात टाकायच्या आधी हातोड्याने फोडल्या, दुसऱ्या कोणाच्या गाडीत परत बसू नयेत म्हणून.

(दृश्य: हातोडा. डिस्कचे तुकडे. मागून पुढची गाडी शेडमध्ये येते.)

"भाऊ, फक्त पॅड टाकून द्या. आवाज-बिवाज काई नाई."

मिस्तरी हात पुसतात आणि तो तेलकट डबा उघडतात.