बाटलीला मत आहे, खोल्यांना नाही

(दृश्य: म्हसावदकडून राणीपूरकडे जाणारा रस्ता, सकाळ)

राणीपूर मागे पडलं की शेतं संपतात आणि गाडी सातपुड्याला भिडते. सातपायरी घाटाची वळणं चढून वर आलो की तोरणमाळ, आमचं थंड हवेचं ठिकाण. उंची सुमारे १,१५० मीटर. महाबळेश्वरच्या खालोखाल राज्यात आमचंच, असं आपण खान्देशी लोक पाहुण्यांना हमखास ऐकवतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा चढला की ऐकवायला काहीतरी हवंच ना.

(दृश्य: यशवंत तलाव, काठावर गाड्या)

या काठाला किती हॉटेलं झेपतील? आणि ते ठरवायचं कोणी?

अमेरिकेत साउथ कॅरोलिनात, चार्ल्स्टन शहराजवळ, फॉली बीच नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांची. तिथे हॉटेलांपेक्षा घरांचा प्रश्न होता. एकेक घर पर्यटकांना भाड्याने जाऊ लागलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गावाने मतदान घेतलं : अशा घरांचे परवाने ८०० च्या वर नकोत. थोडक्या मतांनी प्रस्ताव मंजूर. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच किनाऱ्यावरच्या आइल ऑफ पाम्सच्या मतदारांनी असाच प्रस्ताव पाडला. मला भावतो तो ८०० चा आकडा. पर्यटन हवं की नको, हा वाद तिथे नव्हताच. किती, एवढंच विचारलं.

आपल्याकडे असं मतदान नाही? आहे की. आडवी बाटली! दारूचं दुकान बंद करायला बाया घरोघर फिरून सह्या गोळा करतात, मग गुप्त मतदान होतं : आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. झालेल्या मतदानात बहुमत मिळून भागत नाही. मताचा हक्क असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी करावी लागते. म्हणजे त्या दिवशी ऊसतोडीला गेलेल्या बाईचं न दिलेलं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं.

हॉटेलांसाठी मात्र एवढीही पेटी नाही.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय, बाहेर पार)

तरी तोरणमाळच्या हातात काहीच नाही असं नाही. तोरणमाळचा अक्राणी तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्रातला, म्हणून इथे ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू. दारू, सावकारी, गावबाजार यांवर ग्रामसभेचा शब्द चालतो. आदिवासींची जमीन हातची जाऊ नये म्हणून तिला अधिकार आहेत; लहान जलसाठ्यांचं नियोजनही पंचायतीकडे. कायद्यात हॉटेल हा शब्द नाही, पण हॉटेल जमिनीवर उभं राहतं आणि पाणी पितं. २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला होता. त्यांच्यापुढे प्रश्न हो की नाही इतका सरळ होता. इथला अवघड आहे, कारण हॉटेलात गावच्या पोरालाही काम मिळतं.

(दृश्य: तलाव, दुपार)

म्हणून ग्रामसभेत हॉटेलचा विषय निघालाच, तर आधी बाथरूम मोजा. एका खोलीला एक. गर्दी मे महिन्यात, आणि तलाव उतरतो तोही मे महिन्यातच. बेरीज पारावर बसूनही होईल.